सुटल्या ट्रॉलीचा ब्रेक

भरतेशने वायर बॅटरीला टेकवली, तसा चाकाच्या आतून टक्कन आवाज आला.

"धरलं बघा," तो म्हणाला.

वीरधवलने दोन्ही हातांनी चाक हिसडून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

भरतेश ट्रॉलीला ब्रेक बसवायला सांगलीहून सकाळीच आला होता. द्राक्षबागेत छोट्या ट्रॅक्टरमागे धावणारी एवढीशी ट्रॉली, आणि तिला म्हणे विजेवरचे ब्रेक! तासगावच्या बाजूला असलं कुणी पाहिलं नव्हतं. बघायला जमलेल्यांपैकी एकजण पुटपुटलाच, "वरातीमागून घोडं." खोटं नव्हतंच ते. घोडं यायला दीड वर्ष उशीर झाला होता.

दीड वर्षापूर्वी समोरच्याच चढावर ही ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि मागे घरंगळत आली. मागून अंजना चालत येत होती, वीरधवलची आई. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता, त्यामुळे तिला काही दिसलंच नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन वर उडू नये म्हणून खालून बोटभर क्लिप अडकवतात. ती क्लिप जागेवर नव्हती, आणि ट्रॅक्टर वीरधवल चालवत होता.

त्या दिवशी सकाळी ट्रॉली जोडताना क्लिप घातल्याचं त्याला पुसट आठवायचं. पण क्लिप काही सापडली नाही, आणि आठवणीला साक्षीदार नसतो. पोरानं आई खाल्ली, असं भावकी म्हणाली. ठरलेलं लग्न मोडलं. त्यानंतर तो ट्रॅक्टरवर बसला नाही.

एका माणसाने मात्र त्याला कधी बोल लावला नाही, त्याच्या बापाने. लालासाहेब बावीस वर्षं पलटणीत होते. बुटाची नाडी सैल दिसली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण या बाबतीत त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट कुणी पोराला टोचलं, की हे अंगावर धावून जायचे. बाप असावा तर असा, असं गाव म्हणायचं. त्या मायेच्या आधारावरच वीरधवल जगला होता.

"चढावर घे," लालासाहेब म्हणाले. "तूच चालीव."

वीरधवल ट्रॅक्टरवर चढून बसला. चढाच्या मध्यावर त्याने ट्रॅक्टर थांबवला. भरतेशने ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले, पिन उपसली आणि ट्रॅक्टर पुढे घ्यायला सांगितलं. दोहोंमधली बारीक तार ताणली गेली आणि ट्रॉलीवरचा खटका निघाला, तसं चाकांत पुन्हा टक्कन वाजलं. मग भरतेशने दगड लाथेने उडवले.

ट्रॉली तिथेच उभी राहिली. तसूभरही मागे सरली नाही.

वीरधवल खाली उतरला आणि ट्रॉलीचा फाळका धरून ढसाढसा रडला. दीड वर्षात तो असा रडला नव्हता. "आबा, त्या दिशी म्या क्लिप घातली आस्ती, तर आई आज आस्ती वो!"

लालासाहेब बांधावर बसले. बंडीच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी काहीतरी काढलं आणि लेकाच्या तळहातावर ठेवलं. बोटभर क्लिप होती. घामाने गंजून तांबडी झालेली.

"तू घातली व्हतीस रं," ते म्हणाले. "तू जेवाया घरी गेल्तास. म्या फवारनीला ट्रॅक्टर सोडीवला, तवा काढली. परत जोडताना खिशातच राह्यली."

 वीरधवलने क्लिप बोटांत फिरवून पाहिली.

"ही कवा गावली तुमास्नी, आबा?"

लालासाहेबांनी मान वर केली नाही.

"त्याच दिशी. तुज्या आयच्या सरनापाशी. तुज्या हातात द्याया काड्याची पेटी काढत व्हतो, तवा."