धुराची नळी

आमच्या कादोरेच्या डोंगरात फेर्मो खालच्या मजल्यावर राहतो आणि त्याचा थोरला भाऊ उल्देरिको वरच्या. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत अवाक्षर नाही.

जानेवारीत फेर्मोची लाकडी गोळ्यांवर चालणारी शेगडी सारखी विझायला लागली. दुरुस्तीवाल्या नीवेसबाईंनी ती उघडून पाहिली.

"शेगडी ठणठणीत आहे. धुराची नळी राखेनं तुंबलीय. ती साफ करायचं झाकण वर, तुमच्या भावाच्या खोलीत आहे. त्यांना सांगा. तोवर पेटवू नका."

"त्याला सांगू? त्यापेक्षा गारठून मरेन."

दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा पारा उणे चौदावर होता. फेर्मोनं शेगडी पेटवली.

वर धुराचा वास आला, तसा उल्देरिको नुसत्या मोज्यांवर खाली धावला. त्यानं लाथ मारून घराचं दार मोडलं आणि बेशुद्ध भावाला ओढत बाहेर बर्फात आणलं.

थोड्या वेळानं फेर्मोनं डोळे उघडले. आधी भावाकडे पाहिलं, मग दाराकडे.



"मोडलंस कशाला, दादा? उघडंच होतं. तू वर राहायला गेल्यापासून कडी लावलीच नाही मी."