मीठ बघ

मुलुंडच्या घरी शेगडीभोवती वरणफळांची गडबड चालली होती. क्षयाच्या इस्पितळातून कालच परतलेली कुमुद मात्र दारातच बसून होती. बरी झालीस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी कणकेला हात लावायचा तिला धीर होईना.

"आई, तू काप ना फळं!" लेक मंदा म्हणाली.

"तूच काप गं." ती आणखी मागे सरकली.

सासूबाई वर न बघता वरण ढवळत राहिल्या. त्यांनाही भीती वाटत असणार, कुमुदच्या मनात आलं.

वरण उकळलं तशा त्या वाटीत थोडं घेऊन तिच्यापाशी आल्या. "मीठ बघ."

कुमुदने बिचकत एक घोट घेतला. "बरोबर वाटतंय."

तिच्या हातातली वाटी घेऊन सासूबाईंनी उरलेलं वरण पिऊन टाकलं.

"छे गं, कमी आहे. ऊठ, तुझ्या हाताने घाल."