मयुरीच्या वाटणीचं अंडं

मुलांनो, जरा मनात आणून पाहा. तुमच्या आबाजींचं पान वाढून ठेवलं आहे. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळं त्यांच्या आवडीचं. सगळे विनवतात, आणि आबाजी काही केल्या जेवत नाहीत. तुम्ही काय कराल?

मयुरीसमोर असंच पान होतं.

ऊन चढत चाललं होतं. महाल भागातून आलेली नातेवाईक मंडळी झाडाच्या सावलीत ताटकळली होती. आबाजींच्या, म्हणजे मारोतरावांच्या, आधी कुणी घास घ्यायचा नाही, हे ठरलेलं. लहान पोरं भुकेने किरकिरू लागली होती.

मयुरीचे बाबा, भूपेश, डोक्याचा रुमाल सारखा करून पानापुढे उभे राहिले.

"बाबा, तुमचा हातमाग मी विकत नाही. शब्द देतो. आता तरी घ्या."

पान तसंच राहिलं.

मग पंचफुला पुढे आली. ती आबाजींची धाकटी बहीण, उमरेडहून आलेली. "दादा, लहानपणीबी तू असाच हट्टी! मायचा मार खाल्ल्याबिगर जेवत नव्हता. आता कोण मारन तुले? बरं, चंद्रकलावहिनीशी मी आजपासून भांडत नाही. झालं?"

"खोटं बोलून राहिली, हे त्याले समजते वं," मागून शेजारचे रुपराव म्हणाले.

दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली.

मयुरी दगडी ओट्याच्या कडेला बसून होती. आबाजी कशासाठी अडले आहेत, ते तिला ठाऊक होतं. तिच्यासाठीच.

दिवाळीनंतर शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली होती. आबाजींनीच तिला धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगात रक्त कमी, ताकद नाही. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, पालेभाज्या सांगितल्या, आणि म्हणाल्या, "तुमच्यात चालत असेल तर रोज एक अंडंही द्या."

त्यांच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आजी माळकरी, आबाजीही माळकरी. शाळेत अंडी वाटत, त्या दिवशी मयुरी केळं घ्यायची.

"चालत असन तर, असं म्हणाली ना ते बाई?" आजी म्हणाली होती. "मंग आपल्याले नाही चालत. चणे भिजवीन, दूध देईन, राजगिऱ्याचे लाडू करीन. पण माह्या चुलीवर जीव शिजणार नाही."

आणि आजीने ते सगळं केलं, मनापासून केलं. पण मयुरीला चणे पचेनात, दुधाने पोट दुखायचं. दोन पायऱ्या चढून ती धापा टाकायची.

मग एका संध्याकाळी आबाजींनी भरलं ताट पुढे सरकवलं होतं. "चंद्रकला, माळ आपल्या गळ्यात आहे. पोरीच्या गळ्यात घातली काय आपण? तिले अंडं भेटल्याबिगर माह्या गळ्याखाली घास उतरत नाही."

"तुम्हाले चळ लागला," एवढंच आजी म्हणाली होती.

त्यानंतर दोघांत त्या विषयावर एक शब्दही झाला नाही.

"आई, तू बोल ना," आता भूपेश हळूच म्हणाले. "आमच्या कोणाचं ऐकून नाही राहिले ते."

"मी काहून बोलू?" आजीने गळ्यातली माळ मुठीत धरली. "मी काय वाईट चिंतलं का पोरीचं? जन्मभर जे पाळलं, तेच पाळलं ना? मलेच काहून अशी शिक्षा?"

तिचा आवाज फाटला.

मयुरी उठून तिच्याजवळ गेली. "आजी, तू रडू नको ना. मले नको अंडं. तू आबाजीले सांग, मयुरीले नकोच आहे म्हणून. मंग जेवतीन ते."

आजीने तिचा हात हातात घेतला. नखं पांढरीफटक होती. आजी बराच वेळ त्या नखांवरून अंगठा फिरवत राहिली.

"भूपेश," ती म्हणाली, "नाक्यावर जा गा. एक उकडलेलं अंडं घेऊन ये."

"इथं?" पंचफुला दचकली. "अवं, या जागेवर?"

"इथंच."

भूपेश स्कूटरवर गेले आणि कागदात गुंडाळलेलं अंडं घेऊन आले. ते आजीच्या हाती द्यायला त्यांना धीर होईना. आजीनेच हात पुढे केला. ती टरफल सोलू लागली. बोटांना सवय नव्हती. टरफलासोबत पांढरा भागही निघून येत होता.

अंडं पानावर ठेवायला भूपेशनी जागा केली. पण आजीने ते मयुरीच्या तोंडाशी नेलं.

"खा बाई. देवाले काय सांगायचं ते मी सांगीन."

मग पानाकडे पाहून ती म्हणाली, "पाहून राहिले ना? माह्या हातानं देऊन राहिली. आता तरी राग सोडा."

मयुरीला तो वास नवा होता. घास घशात अडकत होता. तरी ती चावत राहिली. सगळे पाहत होते. शेवटचा घास गिळून तिने तोंड पुसलं, ओट्यावर चढून ती आबाजींच्या पिंडाशेजारी उभी राहिली, आणि वर फांदीवर बसलेल्या कावळ्याला तिने तोंड उघडून दाखवलं.