शिडीचं उदाहरण

“या देशातलं गणित आज संपलं,” गणिताचे सर म्हणाले, आणि त्यांनी चमच्याने चहावरची साय बाजूला केली.

“मग कप विसळून ठेवा,” बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. ‘बाई’ हे नाव मात्र निवृत्त झालं नव्हतं, घरातही नाही.

टेबलावर राष्ट्रीय अभ्यासक्रम समितीचं परिपत्रक होतं. देशभर एकच मापदंड. अवकलन बारावीच्या दुसऱ्या सत्रात. त्याआधी कोणी शिकवायचं नाही. म्हणजे सरांचा अकरावीचा प्रगत वर्ग हे सत्र संपताच बंद.

वर्गात अकरा मुलं होती. पहिल्या बाकावरची मुलगी प्रत्येक वाक्य ‘पण सर’ने सुरू करायची, म्हणून तिचं नावच पणसर पडलं होतं.

“पण सर, वेग सारखा बदलत असेल तर एका क्षणाचा वेग काढायचा कसा?”

“अवकलनाने. नव्या नियमाप्रमाणे दीड वर्षाने.”

“पण सर, भौतिकशास्त्रात तो पुढच्याच सत्रात विचारणार. तोवर मी काय करू?”

“पाठ कर,” सर म्हणाले. स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून त्यांना इतकी शरम वाटली, की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. वर्ग बंद होऊ द्यायचा नाही. काय वाटेल ते होवो.

पहिलं पत्र त्याच संध्याकाळी लिहून झालं. मुंग्यांची रांग चालावी तशा अक्षरात, कागदाच्या चारी कडांपर्यंत. सर पाकीट स्वतः चिकटवत, वर अंगठा दाबून धरत आणि मगच बाईंच्या हाती देत. बाई दर मंगळवारी डबा घेऊन बाहेर पडत, त्या संध्याकाळीच परतत. कुठे जातात ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. सर तेव्हा एक समाकलन सोडवत होते, “हं” म्हणाले. त्या घरात बऱ्याच गोष्टी ‘हं’वर मंजूर झालेल्या होत्या.

समितीची पोच नेमाने यायची. तिच्यावर त्याच मंगळवारचा शिक्का असायचा.

“टपालखातं सुधारलं,” सर म्हणाले. “मी त्यांनाही लिहिलं होतं.”

सात पत्रं झाली. त्यांत सरांनी समितीला आंधळी, ठार बहिरी आणि अपूर्णांकांना भिणारी म्हटलं. सातव्याला उत्तर आलं: ‘आपली विशेषणं पोचली. एखादं उदाहरण पाठवाल का?’

“उदाहरण मागतात, बघ,” सर फणफणले.

“मागतात तर द्या. आधी ही शिडी धरा.”

बाईंना माळ्यावरून जुन्या वह्यांची पेटी काढायची होती. चार पायऱ्या चढून त्या थांबल्या.

“अहो, समजा शिडीचा पाय भिंतीपासून एकाच वेगानं लांब सरकत गेला. वरचं टोकही एकाच वेगानं खाली येईल?”

“छे. आधी हळू, मग धाडकन.”

“सूत्र पाठ करून निघेल?”

“कसं निघेल? त्याचा वेग दर क्षणाला बदलणार. त्याला अवकलनच...”

सर थांबले. मग शिडी सोडून टेबलाशी जाऊन बसले.

“आता मी उतरू कशी?” वरून आवाज आला.

“हं,” सर म्हणाले.

आठवं पत्र दोन पानी होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. एक भिंत, एक शिडी, आणि शेवटी पणसरचा प्रश्न, जसाच्या तसा.

तीन आठवड्यांनी शाळेत नवं परिपत्रक आलं. ज्या शाळेची तयारी असेल तिने अकरावीत प्रगत वर्ग चालवायला हरकत नाही. सातही सदस्यांचं एकमत. परिशिष्टात शिडी होती.

“पण सर,” पणसर म्हणाली, “शिडीवर कोण होतं?”

“ते गौण आहे. वही उघड.”

संध्याकाळी सर घरात शिरले ते छाती पुढे काढूनच.

“हलवली समिती. एकट्यानं. ना कोणाचा वशिला, ना कोणाची मदत.”

“अभिनंदन,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “फक्त एक करा. पुढच्या वेळी अक्षर जरा मोठं काढा. मला वाचून दाखवायला वेळ लागतो, आणि बाकीचे सहाजण जेवायचे खोळंबतात.”