घरच्या पुरुषाची सही

मॅजिस्ट्रेटसाहेब अकोल्याच्या सरकारी महिलागृहाच्या तपासणीला आले, तेव्हा बार्शीटाकळीची जाईबाई फाटकाबाहेर बसली होती. आत ठेवलेल्या शालूला, आपल्या लेकीला, तिला घरी न्यायचं होतं.

"आईची सही चालत नाही. घरातला पुरुष आण," साहेब म्हणाले आणि फाटकावरच्या भागीरथाबाईवर खेकसले, "कोणीही असो, घरच्या पुरुषाच्या सहीशिवाय आतलं माणूस बाहेर सोडायचं नाही. समजलं?"

"समजलं, साहेब."

साहेबांनी आत जाऊन भिंतींचा चुना पाहिला, वरणाची चव घेऊन नाक मुरडलं आणि ते फाटकाशी परत आले. कुलूप तसंच.

"तुमाले न्याले घरून कोन आलं, साहेब?" भागीरथाबाईने विचारलं.

"अगं, मी मॅजिस्ट्रेट आहे!"

"आत गेल्यावर सारेच सांगतात, मी कोन हाय ते."

साहेब मराठीत ओरडले, मग इंग्रजीत ओरडले. शेवटी त्यांचा शिपाई टांगा घेऊन बंगल्यावर धावला आणि बाईसाहेबांना घेऊन आला. त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

"बाईची सही चालत नाही, बाईसाहेब. साहेबाचाच हुकूम हाय."

"असं होय? मग राहू दे त्यांना आतच," बाईसाहेब म्हणाल्या आणि टांग्याकडे वळल्या.

"चालेल!" साहेब गजांमागून किंचाळले. "बाईची सही चालेल!"

भागीरथाबाईने कुलूप काढलं आणि पुढे घुसणाऱ्या साहेबांना हाताने थोपवलं.

"थांबा. पयले शालू. तिची माय सकाळपासून बसून हाय."