सव्विसावी पेटी

"ईमेलच्या पेट्या पंचवीस आणि माणसं सव्वीस," दादा म्हणाला. "एक नाव काप."

धाकट्या बहिणीचा हात पुढे होईना. पंपांच्या त्या घरच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. जुनी ईमेल सेवा महिनाअखेर बंद पडणार होती, आणि धंदा पार बसलेला. म्हणून तिने फुकटचं सॉफ्टवेअर शोधून जिन्याखालच्या जुन्या मशीनवर चढवलं होतं. त्यात हव्या तेवढ्या पेट्या काढता येत. पण त्यावरून गेलेली कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागली. एक मोठी ऑर्डर त्यापायी हातची गेली, तेव्हा दादाने विकतची सेवा ठरवून टाकली. पंचवीस पेट्यांपर्यंत एक भाव, सव्विसावी घेतली की थेट दुप्पट.

"बाबांचं काढ," दादाच म्हणाला.

"अरे, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. ईमेलशिवाय त्यांच्याकडे आहे काय?"

"आणि लिहितात कुणाला? ओतारीकाकांना. हवापाण्याच्या गप्पांसाठी दुप्पट भरू?"

"मग त्यांना सांग तसं."

"सांगायचं कशाला? त्यांचा कॉम्प्युटर राहू दे जोडलेला तुझ्या जिन्याखालच्या मशीनला. फक्त त्यावरून ईमेल बाहेर जायची वाट बंद कर, नाहीतर आपलं नाव पुन्हा स्पॅममध्ये जाईल. बटण दाबलं की 'गेलं' असं दिसलं म्हणजे झालं. त्यांच्या नावाने बाहेरून काही आलं तर ते ऑफिसच्या सामाईक पेटीत पडू दे."

आपली पेटी बाबांना द्यावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तिच्या नावाची आणि ईमेलची नवी कार्डं नुकतीच छापून आली होती. दादाने सांगितलं तसं तिने करून टाकलं. चहा निवायच्या आत काम झालं.

बाबा रोज सकाळी येत, चष्मा पुसत आणि दोन बोटांनी टाइप करत बसत. कारखान्याचा पहिला पंप त्यांनी आणि ओतारीकाकांनी मिळून केला होता. काकांनी लोखंड ओतलं, बाबांनी ते लेथवर धरलं. आता काका आजारी होते, दूरच्या गावी मुलाकडे राहायला गेले होते.

"ओतारीने अबोला धरलाय," बाबा आधी हसून सांगायचे. मग हसणं थांबलं. "माझं काही चुकलं असेल का गं? जाऊन यावं म्हणतो. पण तो ये म्हणत नाही, तर कसं जायचं?"

"उत्तर येऊ दे, बाबा," धाकटी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"हो. येऊ दे," बाबा म्हणाले आणि पुन्हा टाइप करायला लागले.

सामाईक पेटीतलं दादाचा कारकून बघायचा. ऑर्डर असेल तेवढं उघडायचं आणि बाकीचं पुसून टाकायचं, असं त्याला सांगून ठेवलं होतं.

एके दिवशी दुपारी ओतारीकाकू ऑफिसात आल्या. कपाळ मोकळं होतं. बाबा गडबडीने उठले, त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. काकूंना त्यांच्या कानाचं माहीत होतं. त्या मोठ्याने बोलल्या, सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं.

"गेले हो ते. शेवटी भेटायला या म्हणून त्यांनी दोनदा लिहिलं तुम्हाला ईमेलवर. बोटं चालत नव्हती, तरी स्वतः लिहिलं."

"मला? मला तर काहीच..." बाबा चाचरले. "मीच रोज लिहीत होतो त्याला."

"तुमचं एकही आलं नाही. आलं ते हे उत्तर. दोन्ही वेळेला हेच." काकूंना ते पाठ झालं होतं. "'आपला संदेश मिळाला. योग्य विभाग आपल्याशी लवकरच संपर्क साधेल.' ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढंच विचारायला आले मी, की असं का लिहिलंत?"

धाकटीला ते शब्द ओळखीचे होते. सामाईक पेटीत काहीही आलं की तेच उत्तर आपोआप जाई. ते वाक्य तिनेच टाइप केलं होतं.

बाबा दादाकडे वळले. "हे मी लिहिलं? ओतारीला?"

दादाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तुम्हीच लिहिलंत, बाबा. आणि ती रोजची पत्रं तुम्ही नुसती टाइप करता, पाठवायची राहून जातात. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही. आम्ही बोललो नाही एवढंच."

दादाचं बाबांनी कधीच सगळं खरं मानलं नव्हतं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"तू सांग गं. कॉम्प्युटरमधलं तुला कळतं. मीच लिहिलं होतं का?"

दादा टेबलावरचे कागद सारखे करत होता. काकू डोळे पुसत थांबल्या होत्या.

"हो, बाबा," धाकटी म्हणाली. तेवढंसं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

बाबांनी काकूंपुढे हात जोडले. ते तसेच जोडून राहिले. काकू निघून गेल्यावर ते दारापर्यंत गेले, बाहेरच्या रस्त्याकडे पाहून थबकले आणि मागे फिरले.

"धाकटे," ते म्हणाले, "घरी जाताना मला सोबत घेऊन जा. मी रस्ताही विसरेन आता."