हवाबंद डबा

लघुग्रहांवर सोडायच्या चिमुकल्या यानांचे हवाबंद डबे हारुनने जळगावातल्या आपल्या गाळ्यात जोडले होते. मोहीमच रद्द झाली आणि डबे भंगारात निघाले.

"सांधे गळके असतील," भंगारवाला म्हणाला.

हारुनचं टाळकं सटकलं. पण मागच्या खोलीत बायको कनीजने तान्ह्या रूहीला नुकतंच निजवलं होतं, म्हणून तो ओरडला नाही. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा त्याने एक डबा पाण्याच्या टबात बुडवला.

एक बुडबुडा आला. जरा थांबून दुसरा आला. झोपेत श्वास सोडल्यासारखे, संथ.

हारुनने डबा दोन्ही हातांनी तळाशी दाबून धरला. डबा तडफडला. बुडबुडे भराभर आले आणि थांबले.

"आता सांग, कुठे गळतोय?" तो हसला.

मागून कनीजने किंकाळी फोडली, "अजी, धावा! रूहीच्या नाकातोंडातून पाणी येतंय!"